गिऱ्हाइकाची पाखाडी

आपल्याकडे घरातला गळका नळ दोनच प्रसंगी दुरुस्त होतो. घरात लग्न निघालं की, नाहीतर घर विकायला काढलं की. एरवी नळाखाली बादली असते आणि घरातली माणसं त्या टपटपीच्या तालावर जेवतात, भांडतात नि झोपतात. यातल्या दुसऱ्या प्रसंगावर माझं पोट बरीच वर्षं चाललं, त्यामुळे गळक्या नळांना मी कधी नावं ठेवत नाही. माझ्या स्वतःच्या न्हाणीघरातला नळही कित्येक वर्षं गळत होता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

रत्नागिरीत आणि आसपासच्या गावांत विकायला काढलेली घरं गिऱ्हाइकाला दाखवण्याजोगी करून द्यायची, हे माझं काम. माझा मुलगा बंगलोरला असतो. तो म्हणतो, याला इंग्रजीत काहीतरी भारदस्त नाव आहे आणि परदेशात हे काम करणाऱ्या बायका टाचांचे बूट घालून येतात. इथं लोक मला 'रंगवाल्या मंदाताई' म्हणतात आणि मी चपला दारात काढून आत जाते.

सुरुवात थोरल्या बहिणीच्या घरापासून झाली. तिचं घर काही केल्या विकलं जाईना. गिऱ्हाईक दारात यायचं, नाकाला रुमाल लावायचं आणि निघून जायचं. मी गेले, माळ्यावरचे सुक्या बोंबलांचे नि जवळ्याचे डबे हलवले, सगळ्या खिडक्या उघडल्या, भिंती खरवडून चुना दिला. पुढच्याच गिऱ्हाइकानं होकार दिला. तो व्यवहार जमवणारा एजंट नंदू तेव्हा धंद्यात नवा होता. त्यानं तिथल्या तिथं मला आणखी एक घर बघाल का म्हणून विचारलं. तेव्हापासून घर नंदू आणायचा, गिऱ्हाईक नंदू आणायचा आणि मधली सगळी खरवड माझी.

खरवड हा शब्द मी उगीच वापरत नाही. कोकणातलं घर निम्मं आपलं आणि निम्मं पावसाचं असतं. चार महिने तो भिंतींवर मनाला येईल तशी नक्षी काढतो. काळी, हिरवी, मधूनच पांढरी. मालक घाईघाईनं त्यावरच रंग मारून मोकळा होतो, मग महिन्याभरात भिंतीला पापड फुटतात आणि गिऱ्हाईक बोलता बोलता नखानं त्यातला एक पाडून बघतं. भिंत आधी तारेच्या ब्रशनं घासायची, मग तिला ऊन खाऊ द्यायचं आणि मगच रंगाचं नाव काढायचं. हे सगळं माझा गवंडी सलीमभाई करतो. तो राजिवड्याचा. काही वर्षं कुवेतला लाद्या बसवून आला आणि तिथं माती नाही म्हणून कंटाळून परत आला. माणूस मितभाषी. त्याचं मत काय आहे ते तो थापी किती जोरात आपटतो त्यावरून मी ओळखते.

दुसरं काम म्हणजे गिऱ्हाईक ओळखणं. इथल्या माणसाला घर हवं असतं ते लाद्यांचं, स्लॅबचं, कमोड असलेलं. पुण्या-मुंबईच्या माणसाला हवा असतो उघडा चिरा, कौलं, पडवी, झोपाळा आणि कमोड. आमच्या मालकांना हे काही केल्या पटत नाही. आखातातून कायमचे परतलेले एक मामू होते. त्यांनी घर विकायचं ठरवल्यावर आधी चांगल्या चिऱ्याच्या भिंतीला गुळगुळीत गिलावा करून वर पोपटी रंग मारला आणि नंतर मला बोलावलं. गिऱ्हाईक ठाण्याचं. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला की तुमच्याकडचा तो लाल दगड कुठं दिसत नाही. मग तो गिलावा फोडायचं काम सलीमभाईकडे आलं. फोडताना तो थापी नव्हे, छिन्नी आपटत होता, कारण गिलावा त्यानंच केलेला होता आणि इतका चांगला केलेला होता की निघता निघेना.

तिसरं काम सगळ्यांत अवघड. भिंतीवरची माणसं खाली उतरवायची. प्रत्येक घरात ओटीवर हार घातलेले फोटो असतात आणि त्यातले आजोबा आल्यागेल्याकडे असे बघतात की गिऱ्हाईक चहा निम्मा ठेवून उठतं. आपण घर घेतलं तरी हे काही जाणार नाहीत, असं त्याला वाटत असावं. पण फोटो काढा म्हटलं की मालकांचे चेहरे पडतात. एका घरची सून मला म्हणाली, सासऱ्यांना कुठं ठेवू ते तुम्हीच सांगा, माळ्यावर ठेवलं तर रागावतील, त्यांना उकाडा सोसत नाही. शेवटी सासरे, चुलतसासरे आणि आजेसासूबाई नंदूच्या गाडीत मागच्या सीटवर बसून दिवसभर रत्नागिरी फिरले.

मालकांनी स्वतःच्या डोक्यानं केलेल्या सुधारणा ही आणखी एक पीडा. मालगुंडला एका गृहस्थांच्या आवारात रायवळ आंब्याचं झाड होतं. त्यांनी गिऱ्हाइकाला सांगून ठेवलं होतं हापूस म्हणून. दाखवायच्या दिवशी बाजारातून हापूस आणून त्यांनी पहाटे सुतळीनं फांद्यांना बांधले. गिऱ्हाईक नेमकं फळांचा व्यापारी. त्यानं हात वर करून एक आंबा कुरवाळला, तर तो गाठीसकट हातात आला. त्यानं गाठ बघितली, आंबा हुंगला आणि म्हणाला, आंबा देवगडचा आहे, पण सुतळी छान आहे. मी त्या दिवशी घराच्या मागच्या दारानं निघून आले.

इतकी घरं सजवली, पण लोकांनी विचारलं की मी गोष्ट सांगते ती बापूंच्या घराची. ते घर विकलं गेलं नाही.

बापू आणि माई भाट्याच्या खाडीकडे उतरणाऱ्या एका वाडीत राहायचे. घर दृष्ट लागण्यासारखं. चिऱ्याचं, कौलारू, मागे नारळी-पोफळीचं आगर, विहीर. फक्त रस्ता वर आणि घर खाली. मधे पाखाडी, म्हणजे उतारावरची चिऱ्याच्या पायऱ्यांची वाट. आमच्याकडच्या पाखाड्या पाहुण्याचा जीव काढतात, पण ही त्यातही नामांकित होती. काही पायऱ्या गुडघ्याएवढ्या उंच, काही पावसानं वाहून नेलेल्या, काहींवर शेवाळाचा गालिचा. आदल्या वर्षी गणपतीच्या दिवसांत माई तिथं पडल्या आणि मांडीचं हाड मोडलं. चौघांनी खुर्चीत बसवून वर नेलं, ऑपरेशन झालं, तसंच खुर्चीतून खाली आणलं. त्यानंतर माई वर गेल्याच नव्हत्या. आणि त्यांचं सगळं जग वर होतं. एस्टीचा थांबा वर, मासळीवाली वर, देऊळ वर, देवळातलं शुक्रवारचं भजन वर. त्या भजनात माई झांजा वाजवायच्या. आता भोंग्यातून ऐकायच्या. मला म्हणाल्या, "खाली बसून ऐकतंय. कोण चुकते ती बरोबर कळते, पण सांगायचा कोणाला?"

म्हणून घर विकायचं ठरलं होतं. त्यांच्या ठाण्यातल्या मुलानं रत्नागिरीत मारुती मंदिराजवळ लिफ्टचा फ्लॅट बघून ठेवला होता. घर पावसाच्या आधी गेलं तर माई लिफ्टनं खाली उतरून बाजारात जाऊ शकणार, नाही गेलं तर आणखी एक पावसाळा त्या पडवीत. एवढं साधं गणित होतं आणि मला माई आवडल्या, त्यामुळे हे घर मी मनावर घेतलं.

पहिली अडचण म्हणजे स्वतः बापू. बापूंना खोटं बोलता येत नाही, हे ठीक आहे. पण त्यांना गप्पही बसता येत नाही. पहिल्या गिऱ्हाइकानं विहिरीचं पाणी कसं आहे विचारलं. बापू म्हणाले, अमृत, मार्चपर्यंत. मे महिन्यात तळाचा बेडूक दिसतो, तोही दमलेला. दुसऱ्या गिऱ्हाइकानं सापांचं विचारलं. बापूंनी सांगितलं की घरात क्वचितच येतात, आणि येतात तो कोपरा कौतुकानं दाखवला. ती बाई उरलेलं घर खुर्चीवर पाय वर घेऊनच बघत होती. मी बापूंना समजावलं की खोटं बोलू नका, नुसतं विचारलं तेवढंच सांगा. ते म्हणाले, विचारलं तेवढंच तर सांगतो. शेवटी माईंनीच उपाय सांगितला. तोंडात विडा असला की बापू बोलत नाहीत, कारण थुंकायला उठायचा त्यांना कंटाळा. मी विड्याच्या पानांचा खर्च रंगकामात धरला.

दुसरी अडचण पाखाडी. गिऱ्हाईक घरापर्यंत पोचायचं ते धापा टाकत, घामाघूम आणि रागावलेलं. अशा माणसाला काहीच सुंदर दिसत नाही. मी बापूंना म्हटलं, आधी पाखाडी दुरुस्त करू. बापूंनी विडा असल्यासारखं तोंड मिटून घेतलं.

मग कळलं की ती पाखाडी सामायिक आहे. बापूंची आणि गडग्यापलीकडच्या, म्हणजे दगडी बांधापलीकडच्या तात्यांची. तात्या त्यांचे सख्खे चुलतभाऊ, एकटेच राहायचे. दोघांच्या वडलांनी त्या पाखाडीवरून कोर्ट गाठलं होतं. कारण एवढंच की एकानं निखळलेला दगड परत लावला आणि दुसरा म्हणाला, दगड लावून वाट स्वतःची करून घेतोय. तेव्हापासून नियम पडला. जो दगड लावील तो मालकी सांगतोय असं समजायचं. म्हणून दोन पिढ्या तिथं कोणी दगड लावला नाही. दोघंही रोज त्या खड्ड्यांवरून उड्या मारत गेले, म्हातारे झाले, पण हक्क कोणी गाजवू दिला नाही. बापू आणि तात्या एकमेकांशी बोलतही नव्हते. गाईनं भात खाल्लं तरी निरोप तिसऱ्यामार्फत जायचा, तोवर गाय रवंथ करून मोकळी व्हायची.

मी तात्यांकडे गेले. ते गडग्याशी उभे होते, लुंगी खोचलेली, नजर वाकडी. मी सांगितलं की पाखाडी मला दुरुस्त करायची आहे आणि त्यात बापूंचा काही हक्क लागत नाही. बापू घर विकून चाललेत. पाखाडीवरून येणार ते गिऱ्हाईक. ते पडलं तर वाडीचं नाव जाईल.

"बापू जातोय ना नक्की?" तात्यांनी विचारलं.

मी म्हटलं, पाखाडी चांगली झाली तर पावसाच्या आत जातील.

तात्यांचा चेहरा असा उजळला की मलाच गहिवरून आलं. गोठ्यासाठी आणून ठेवलेले नवे चिरे त्यांच्या अंगणात रचलेले होते. गोठा काय पुढच्या वर्षी बांधता येईल म्हणाले, आणि सगळे चिरे त्यांनी देऊन टाकले. अट एकच. हे बापूसाठी नव्हे, गिऱ्हाइकासाठी.

बापूंना हे कळलं तेव्हा ते विडा न खाताही गप्प झाले. तात्याचे चिरे आपल्या वाटेला लागणार म्हणजे उपकार झाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी बाजारातून पाइप मागवला आणि सबंध पाखाडीला कठडा करायला सांगितला. अट तीच. गिऱ्हाइकासाठी. कठडा उभा राहिलेला बघून तात्यांनी वाटेवर आलेलं आपलं कुंपण छाटलं. मग बापूंनी अर्ध्या वाटेवर रातांब्याच्या झाडाखाली दम खायला कट्टा बांधायला लावला. मग तात्यांनी आपल्या खांबावरून वायर ओढून कट्ट्यावर दिवा लावला. मी नुसती इकडून तिकडे निरोप नेत होते. सबंध नोकरीधंद्यात कामाला इतकी बरकत मी पाहिली नव्हती. ज्याला कोणी पाहिलेलं नाही अशा गिऱ्हाइकानं दोन भावांना कामाला लावलं होतं.

इतक्यात नंदूचा फोन आला. पुण्याचं एक जोडपं येतंय, पक्कं गिऱ्हाईक, फोटोवरच घर आवडलंय. पण बरोबर नवऱ्याची आई आहे आणि तिच्या गुडघ्यांचं काहीतरी आहे, तेव्हा पायऱ्या जपून करा. मी सलीमभाईला सांगितलं. त्यानं थापी खाली ठेवली. चिरा उभा लावला की पायरी उंच होते, आडवा लावला की बुटकी. सगळ्या पायऱ्या आडव्या लावायच्या तर काम वाढणार होतं. तरी त्यानं ते घेतलं.

माई रोज पडवीत बसून कोकमं फोडायच्या. सोलं उन्हात, बिया टोपलीत, हात कोपरापर्यंत लाल. समोर सलीमभाईचं काम. मधेच मला विचारायच्या, त्या पुण्याच्या बाईंचे गुडघे फार दुखतात का गो? मी म्हणायचे, हो म्हणे. माई हळहळायच्या. बिचाऱ्या, म्हणायच्या. मग आपली चार पायांची काठी टेकत, पाखाडीच्या तळाशी येऊन उभ्या राहायच्या आणि पहिल्या पायरीवर पाय ठेवून बघायच्या. सलीमभाईला सांगायच्या, आणखी थोडी कमी कर, दुखऱ्या गुडघ्याला एवढीही जड जाते. तो चिरा अर्धा कापायचा. माई परत पाय ठेवायच्या. कठडाही त्यांच्या सांगण्यावरून एक वीत खाली आला, म्हाताऱ्या बाईचा हात तेवढाच पोचतो म्हणून. चिऱ्याला टाकीचे घाव घालून खरखरीत करायची कल्पनाही त्यांचीच. मला वाटलं, ओळख ना देख, तरी किती काळजी. माणसानं असं असावं.

दाखवायचा दिवस आला. घर मी आरशासारखं केलं होतं. भिंतीवरची सहकारी बँकांची कॅलेंडरं गेली होती, बापूंचे वडील नंदूच्या गाडीत बसले होते, पडवी शेणानं सारवली होती आणि न्हाणीघरात मोठा बल्ब लावला होता. बापूंच्या तोंडात विडा होता. पुण्याची मंडळी पाखाडीवरून हसत खाली आली. मुलगा, सून आणि मुलाची आई. सून तर कट्ट्यावर बसून फोटो काढूनच पुढे आली. माईंनी सगळ्यांना कोकम सरबत दिलं, आईंना आपल्या शेजारी बसवलं, कुठून आलात, प्रवास कसा झाला, सगळं विचारलं. मग मी मंडळींना मागे आगरात घेऊन गेले. विहीर दाखवली. बेडूक वर येऊन बसला होता, पण बापू बोलले नाहीत. मुलगा बायकोला हळूच म्हणाला, घेऊन टाकू या. नंदूनं माझ्याकडे बघून डोळे मिचकावले.

सूनबाईंना स्वयंपाकघराबद्दल माईंना काही विचारायचं होतं. आम्ही पुढे आलो तर पडवीत माई नाहीत. स्वयंपाकघरात नाहीत, माजघरात नाहीत, न्हाणीघरात नाहीत. काठीही नाही. हाका मारल्या. उत्तर नाही. सगळे एकमेकांकडे बघायला लागले आणि बापू वळले नि विहिरीकडे चालायला लागले. त्यांच्या मागून आम्हीही. बापू कठड्यावर दोन्ही हात ठेवून आत वाकले. पुण्याच्या आईंनी देवाचं नाव घेतलं.

तेवढ्यात गडग्यापलीकडून तात्यांचा आवाज आला.

"बापू, विहिरीत काय बगतोस? वहिनी वर गेली."

दोन घरांमधे कित्येक वर्षांत सरळ गेलेलं ते पहिलं वाक्य. बापूंनी विडा गिळला.

मग आम्ही सगळे पाखाडी चढायला लागलो. बापू पुढे, तात्याही गडगा ओलांडून आले, आणि त्या दोघांच्याही पुढे पुण्याच्या आई, तरातरा, कठड्याला हात न लावता. मी धापा टाकत त्यांना म्हटलं, जपून, तुमचे गुडघे. त्या वळून म्हणाल्या, "माझे? माझ्या गुडघ्यांना काय झालंय? मी रोज पर्वती चढते."

मी नंदूकडे बघितलं. नंदू कपाळावरचा घाम पुसत म्हणाला, मला माईंनीच फोन केला होता. म्हाताऱ्या बाई येतायत का म्हणून विचारलं, मी हो म्हटलं, तर म्हणाल्या, मग गुडघे दुखत असतीलच, मंदाला सांगून ठेव.

वर एस्टीच्या शेडमधे माई बसल्या होत्या. नऊवारीचा पदर खांद्यावरून घट्ट घेतलेला, शेजारी काठी, समोर मासळीवाली टोपली उघडून बसलेली. माई बांगड्यांचे कल्ले उलटून बघत होत्या आणि ताजे नाहीत म्हणून घासाघीस चालली होती. मासळीवाली म्हणत होती, माई, इतक्या दिवसांनी दिसलीस, आज तरी भांडू नको. माईंचा चेहरा घामानं भिजलेला, आणि इतक्या दिवसांत मी त्यांना एवढं खूश एकदाही पाहिलं नव्हतं.

बापू समोर जाऊन उभे राहिले. माईंनी त्यांच्याकडे बघितलंच नाही, माझ्याकडे बघितलं.

"मंदा, मी काय सांगतंय ऐक. माझ्यासाठी एक दगड लावा म्हणून ह्यांना सांगून सांगून थकलंय. नाय लागला. गिऱ्हाइकासाठी सगळी पाखाडी झाली, कठडा झाला, दिवा लागला. मग मलाच गिऱ्हाईक समज."

नंदू पुढे होऊन म्हणाला, माई, अहो पण ही मंडळी पुण्याहून आलीयत, त्यांना घर पसंत आहे.

"मलापण हाय," माई म्हणाल्या. "मी आदी बगितलंय."

पुण्याच्या आई जाऊन त्यांच्या शेजारी बसल्या. त्यांनी मुलाला सांगितलं की हे घर आता आपल्याला नको. मुलगा बिचारा हिरमुसला. नंदूनं त्यांना नंतर दुसरं घर दाखवलं, रस्त्यालगतचं, आणि ते त्यांनी घेतलंही. त्या दिवशी मात्र ते जोडपं एस्टीच्या शेडमधे उभं राहून माईंनी मागवलेला चहा प्यायलं. बापूंनी बांगड्यांची पिशवी घेतली. दुसरा हात माईंपुढे धरला. माई म्हणाल्या, नको, कठडा हाय.

सगळ्यांत जास्त फसवले गेले ते तात्या. ते शेडच्या खांबाला टेकून एवढंच म्हणाले की म्हणजे हा जात नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला फोनवर बरंच सुनावलं. चिरे परत हवेत म्हणाले. बापूंनी निरोप पाठवला, आणि या खेपेला तो त्यांनी स्वतःच गडग्याशी येऊन दिला, की खुशाल उपटून ने. तात्या खरोखरच पहार घेऊन आले. उन्हाची वेळ. अर्ध्या पायऱ्या चढेपर्यंत दम लागला म्हणून कट्ट्यावर बसले. माईंनी सरबत पाठवलं. ते पिऊन झाल्यावर म्हणाले, आज मुहूर्त बरा नाही, नंतर बघतो. त्यानंतर त्यांच्या खांबावरचा दिवा रोज लागतो आणि पहार बापूंच्या पडवीत आहे. पाखाडी आता कोणाची, असं मी एकदा मुद्दाम विचारलं. दोघांनी एकदमच सांगितलं, गिऱ्हाइकाची.

माझा त्या कामात काही फायदा झाला नाही, ते जाऊ दे. पण मला खरंच वाईट वाटलं. मी रोज माईंच्या पडवीत बसून चहा घेत होते. त्यांची काठी समोर होती. तरी मी आणि सलीमभाई काळजी करत होतो ती न पाहिलेल्या बाईच्या गुडघ्यांची. सलीमभाईला मी विचारलं, तुला कळलं नव्हतं का? तो म्हणाला, कळलं होतं, ताई, माप त्यांच्याच पायाचं घेत होतो. मग सांगितलं का नाहीस, म्हटलं. तर म्हणाला, तुम्हाला सांगितलं असतं तर काम थांबलं असतं.

आता मी शिड्या चढत नाही. नंदू अजून फोन करतो, मी बसल्या जागेवरून रंग सांगते. शुक्रवारी कधी त्या बाजूला गेले तर देवळात डोकावते. माईंच्या झांजा ऐकू येतात, आणि कोण चुकतंय ते आता त्या तिथल्या तिथं, भजन थांबवून सांगतात. बाकीच्या बायका म्हणतात, पाखाडी उगीच झाली.

माई पाखाडी चढल्या त्या दिवशी बापूंकडून मी घरी आले ती सरळ न्हाणीघरात. नळाखालची बादली उचलली, नळ जरा वेळ बघितला आणि प्लंबरला फोन लावला. आमचे हे पेपर वाचत बसले होते. त्यांच्या हातातला पेपर खाली आला. घाबरून मला विचारलं, "काय गं, घर विकायला काढलंस की काय?"

"नाही," मी म्हटलं. "राहायला काढलंय."